फ्लॉपीची पत्रिका

जगातल्या कुठल्याही दोन वस्तूंचं एकमेकींशी जमेलच असं नाही, ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांइतक्या आनंदानं मान्य केलेला माणूस अख्ख्या नागपुरात झाला नसेल. एका कुकरचं झाकण दुसऱ्या कुकरला बसलं नाही की आपण चिडतो, झाकण आपटतो. मामा ते झाकण हातात घेऊन त्याच्याकडे मायेनं बघत आणि म्हणत, "नाही जमत तं नाही जमत. याचा बी गुन्हा नाही, तिचा बी नाही." पेन आणि रिफिल, पिन आणि सॉकेट, चप्पल आणि अंगठा, सगळ्यांची त्यांनी अशीच समजूत घातलेली होती. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीची वडीलधारी मंडळी माझी पत्रिका उलटीसुलटी करून बघत होती. मामांनी मला बाजूला घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "चाय कपानं पिता का बशीनं?" मी घाबरून कपानं म्हणालो. "आमची भाची बशीनं पिते," असं म्हणून त्यांनी अशी मान हलवली, की लग्न मोडलं असंच मला वाटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "चालन. कप तुमाले, बशी तिले. एकाच जोडीत काम होते!" खुद्द मामा-मामींचे म्हणे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते. तो विषय निघाला की मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "जुळले होते, पत्रिकेत! तिथंच राह्यले ते!"

मामा जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. घर धंतोलीत, दोन दवाखान्यांच्या मधल्या बोळात. विदर्भातल्या कुठल्याही गावचा पेशंट धंतोलीत यायचा आणि त्याचा भाऊ, बाप, नाहीतर नवरा मामांच्या ओट्यावर टेकायचा. पाणी मागायचा, पत्ता विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात पाणी आणून रक्त मागायचा. त्यातूनच मामांनी रक्त देणाऱ्यांची एक वही सुरू केली. नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं ते, आणि एक शेरा. शेरे वाचण्यासारखे असत. "सकाळी चिडतात, दुपारी जावे." "बायकोसमोर विचारू नये." कुणाचं रक्त कुणाला चालतं हे जुळवण्यात मामांना जो आनंद होई, तो लग्नं जुळवणाऱ्यांनाही होत नसावा. पण एका पावसाळ्यात त्या वहीला वाळवी लागली. वाळवीचं ए पॉझिटिव्हशीही जमलं आणि ओ पॉझिटिव्हशीही. उरलेल्या पानांची चाळण बघून शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दया आली. त्यांनी नुकताच नवा कम्प्युटर घेतला होता. जुना त्यांनी मामांना देऊन टाकला. जेमतेम पन्नास पावलांचं अंतर, पण मामांनी सायकलरिक्षा केली आणि ते मशीन नव्या नवरीसारखं मांडीवर घेऊन घरी आणलं. मामींनी दारात भाकरतुकडा ओवाळला. तो टोमणा होता, पण मामांना तो मनापासून आवडला.

त्या मशीनमध्ये माहिती ठेवायला फ्लॉपी घालायची असे. काळी, चौकोनी, पापडाएवढी पातळ पाटी. आता पोरांना ती दाखवली तर वारा घ्यायची वस्तू वाटेल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाजारात नवी मशीनं येत होती, आणि जुन्या-नव्यांचं आपसात पटत नव्हतं. एकानं लिहिलेली फ्लॉपी दुसरा वाचेल याचा भरवसा नसे. सगळं शहर या प्रकारानं वैतागलं होतं. मामांना मात्र आयुष्यभराचं आपलं म्हणणं एकदाचं विज्ञानानं मान्य केल्यासारखं झालं. त्यांनी प्रत्येक फ्लॉपीच्या कागदी पाकिटावर तिची पत्रिकाच मांडली. जन्म कुठल्या मशीनवर झाला, कोणाकोणाकडे जाऊन आली, जुळते कोणाशी, जुळत नाही कोणाशी. सगळ्या फ्लॉप्या संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात, आणि डबा घरातल्या सर्वांत थंड जागी, माठाशेजारी. उन्हाळ्यात कूलरचं तोंड कम्प्युटरकडे आणि मामींच्या हातात ताडाचा पंखा. कुणी बाहेरची फ्लॉपी आणली, की मामा ती मशीनला लावण्याआधी विचारत, "कोणाच्या घरी वाढली?" माणूस गोंधळला की ते फ्लॉपी अदबीनं परत करत.

आता माझ्याबद्दल. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कंपनीनं मला आठ दिवसांच्या कम्प्युटर प्रशिक्षणाला पाठवलं होतं. त्यातले दोन दिवस वीज नव्हती, एक दिवस मला ताप होता. उरलेल्या पाच दिवसांच्या जोरावर मी सासुरवाडीत तज्ज्ञ म्हणून वावरत होतो. आमच्या ऑफिसात नवंकोरं मशीन आलं होतं, मामांच्या मशीनच्या दसपट वेगानं चालणारं. मामा एका बोटानं नाव टाइप करताना बघून माझा जीव वर-खाली होई. "मामा, ही यादी एकदा माझ्या ऑफिसात नेतो. गटवार लावून आणतो. पाच मिनिटांचं काम," असं मी कितीदा म्हणालो असेन. मामा डबा जवळ ओढत. "नाही जवाईबापू. तुमचं मशीन चांगलं आहे, आमची पोरगी बी चांगली आहे. पण तिले तिकडचं वळण लागलं तं इकडं नांदाची नाही."

मी ठरवलं, मामांना चकितच करायचं. ऑफिसातल्या बावीस जणांना चहा पाजून मी त्यांचे रक्तगट मिळवले. एका शुक्रवारी संध्याकाळी मामा आंघोळीला गेले असताना बर्फीच्या डब्यातली यादीची फ्लॉपी उचलली. शनिवारी ऑफिसच्या मशीनमध्ये घातली, बावीस नावं जोडली, सगळी यादी गटवार लावली. लोण्यासारखं काम झालं. मामांनी त्या फ्लॉपीची एक जुळी बहीणही करून ठेवलेली होती, घात झालाच तर असावी म्हणून. तिच्यावर अन्याय नको, म्हणून मी तीही नेली होती. तिच्यावरही सगळं लिहिलं. संध्याकाळी दोघी बहिणी डब्यात परत. घरी जाऊन बायकोपुढे छाती फुगवून सांगितलं, "उद्या बघ तुझे मामा कसे खूश होतात ते!"

उद्या म्हणजे रविवार. मामींनी आम्हाला सांबारवडी खायला बोलावलं होतं. मी तिसऱ्या वडीवर असताना ओट्यावर एक माणूस येऊन उभा राहिला. पुसदकडचा, नाव नामदेव. टोपी हातात चुरगाळत होता. "काका, बाईचं ऑपरेशन आहे उद्या सकाळी. बी निगेटिव म्हणते डाक्टर. दोन भाऊ आले माह्ये, दोघायचं बी जमलं नाही. आज संध्याकाळलोक रक्त पाह्यजे म्हणते."

"बस गा. घाबरू नको," मामा म्हणाले आणि डब्याकडे गेले. मी वडी खाली ठेवली. आता बावीस नावं दिसणार, माझं कौतुक होणार, म्हणून चेहरा विनयशील करून बसलो.

मशीननं फ्लॉपी आत घेतली आणि घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला. गर्र, खट्. गर्र, खट्. मग पडद्यावर इंग्रजीत तीन पर्याय आले. त्यांचा साधारण अर्थ असा, की सोडून देता, पुन्हा करता, की नापास होता? मामांनी पुन्हा केलं. तेच. जुळी बहीण घातली. तिनंही तोच सूर लावला. मामांनी तिला बाहेर काढलं, पाकीट निरखलं, डब्यात ती कशी ठेवली होती ते आठवलं. त्यांच्या फ्लॉप्यांची तोंडं माठाकडे असत. या दोघींची भिंतीकडे होती.

"ह्या कोणाच्या घरी जाऊन आल्या?" मामांनी हळूच विचारलं.

माझ्या तोंडात तिसऱ्या वडीचा उरलेला तुकडा होता. तो मी जितका वेळ चावता येईल तितका वेळ चावला.

"सांगा ना आता!" बायको म्हणाली. "काल तर मोठे सांगत होते!"

मी सांगितलं. माझ्या बावीस जणांत बी निगेटिव्ह एकही नव्हता, तेही सांगितलं. मामी म्हणाल्या, "अगं बाई!" नामदेवला काही समजलं नाही, पण आपल्या बायकोचं काहीतरी बिघडलं आहे एवढं कळलं. तो मटकन खाली बसला. मामा डोळे मिटून आठवू लागले. "बी निगेटिव दोघंच आहेत आपल्या यादीत. एक रायपूरले बदलून गेला. दुसरा जरीपटक्याचा. कापडवाला. लठ्ठ आहे... हासरा आहे..." त्यांनी डोळे उघडले. "नाव नाही येऊन राह्यलं." जरीपटक्यात लठ्ठ आणि हसरे कापडवाले किती असतील याचा मी मनातल्या मनात अंदाज घेतला आणि आकडा वाढतच गेला.

रागावले असते तर बरं झालं असतं. मामांनी दोन्ही फ्लॉप्या पिशवीत टाकल्या, एक सील न फोडलेली कोरी फ्लॉपी घेतली, एक वही घेतली. "चला, जवाईबापू. जिथं वळण लागलं तिथं विचारू." मामींनी नामदेवपुढे ताट ठेवलं. "खाऊन घे बाप्पा. रक्त आणाले गेले ते. उपाशी बसून काही लवकर येत नाही."

स्कूटरवर मामा मागे बसले, पिशवी छातीशी. रविवार असल्यामुळे ऑफिसला कुलूप आणि दारात चौकीदार. तो म्हणाला, "आज नहीं खुलेगा साहब." मी माझा हुद्दा सांगितला. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मामांनी त्याला निरखून विचारलं, "आपका ब्लड ग्रुप क्या है?" चौकीदार दोन पावलं मागे सरकला. "क्यों?" मामांनी त्याला सगळं सांगितलं. उद्याचं ऑपरेशन, नामदेव, कापडवाला. सांगून झाल्यावर त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं, आणि मामांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

माझ्या मशीननं फ्लॉपी घेतली आणि काही घडलंच नसल्यासारखी सगळी यादी दाखवली. बी निगेटिव्ह, जरीपटका, कापडाचं दुकान, नाव, गल्ली. शेरा: "सुई बघून डोळे मिटतात, पण येतात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता यादी खाली सरकली आणि मला माझंच नाव दिसलं. "जवाईबापू. गट माहीत नाही. विचारलं की विषय बदलतात." मामांनीही ते वाचलं असणार. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चला मामा, नाव मिळालं," मी उठलो.

"थांबा. घरी पोरीनं बोलाले पाह्यजे. उद्या दुसरा नामदेव येईन." त्यांनी मला कोरी फ्लॉपी दिली आणि समजावलं. मला प्रशिक्षणात कुणी असं समजावलं नव्हतं. "फ्लॉपी म्हंजे वावर. आमच्या मशीनचं तास, नांगराची रेघ, रुंद. तुमच्याचं बारीक. आमच्या रुंद तासावर तुमी मधोमध बारीक पेरलं. मंग आमचं मशीन पाहाले गेलं तं त्याले जुनी जवारी बी दिसते, नवी तूर बी दिसते. बिचाऱ्यानं कापाव काय? पण वावर कोरं असलं, तं बारीक पेरलेलं बी त्याले दिसते. एकच पीक आहे ना!" मग त्यांनी वहीतून जुन्या मशीनच्या मापानं कोरी फ्लॉपी आखायची आज्ञा अक्षर अक्षर वाचून दाखवली आणि तज्ज्ञानं ती मुकाट्यानं टाइप केली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा जमली, आणि यादी कोऱ्या फ्लॉपीवर उतरली.

तिथून आम्ही जरीपटक्याला गेलो. कापडवाले जेवायला बसणार होते, ते तसेच उठले. "काकाजी, चाय भी नहीं पियोगे?" असं ओरडत ते आपल्या गाडीवर आमच्या पुढे गेले. संध्याकाळपर्यंत बाटली पोचली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. आठवड्यानं नामदेव बायकोला घेऊन ओट्यावर आला. ती फिकट होती, पण कूलर मशीनला आणि मामींच्या हाती ताडाचा पंखा, यावरून मामांना रागावत होती, म्हणजे बरी होती.

नव्या फ्लॉपीला त्या जुन्या मशीननं पहिल्याच खेपेला ओळखलं. मामांनी तिची पत्रिका मांडली. जन्म: जवाईबापूचं हापिस. जुळते: दोन्ही घरी. आधीच्या दोघींच्या पाकिटावर "जुळत नाही" या घरात त्यांनी काय लिहिलं, ते मी इथं सांगत नाही. एकच शब्द होता आणि तो मी होतो.

पुढच्या महिन्यात मी स्वतःहून रक्त दिलं. सुई बघून डोळे मिटले. मामांना गट सांगितला, तेव्हा ते उठले. मशीनपुढे बसले आणि एका बोटानं टाइप करू लागले. गट लिहायला दोन-चार अक्षरं पुरतात. मामा बराच वेळ लिहीत होते. मी वाकून बघायला गेलो तर त्यांनी हातानं पडदा झाकला. "तुमचं काम झालं. चाय घ्या. कपानं."

मामांना जाऊन आता खूप वर्षं झाली. मशीन भंगारात गेलं, माझ्या ऑफिसचं नवंकोरं मशीनही त्याच वाटेनं गेलं. मामी नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत लेकाकडे राहायला गेल्या, तेव्हा बर्फीचा डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी ती फ्लॉपी घेऊन पुष्कळ दुकानं हिंडलो. पोरं हसून म्हणतात, "काका, ही लावायची कशात?" कशातच नाही. आता तिचं कोणाशीच जमत नाही, आणि त्यात तिचाही गुन्हा नाही, नव्या मशीनांचाही नाही. तिच्यावर माझ्या नावापुढे मामांनी तो बदललेला शेरा काय लिहिला होता, ते मला कधीच कळणार नाही. डबा आमच्या घरी माठाशेजारी आहे. फ्लॉपीचं तोंड माठाकडे असतं. तेवढं मात्र मी रोज बघतो.