झाकणावरचं नाव

तीन वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, आणि तिसऱ्यांदाही मेडिकलच्या यादीत माझं नाव नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मी देवाशी अबोला धरला. माझं ऐकलं असतं तर त्याचं काय बिघडणार होतं? घरी मात्र सांगितलं की अजून शेवटची फेरी राहिलीय. आमच्या गावी, मुरुडला, लहानपणापासून सगळे मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. त्याखेरीज मी कोण, हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि ते कुणीतरी सांगावं म्हणून जीव तुटत होता.

मी लातूरला खोली घेऊन राहत होते. आई रोज पहाटे भाकरी थापायची आणि बाबा मुरुडच्या स्टँडवर डबा कंडक्टरच्या हवाली करायचे. लातूरला गाडी लागली की आम्ही क्लासची पोरं आपापले डबे उचलायचो. माझा ओळखायला सोपा. पहिल्या वर्षी बाबांनी मोठ्या हौसेनं, आलटून-पालटून येणाऱ्या दोन्ही डब्यांच्या झाकणांवर लाल रंगानं लिहिलं होतं, 'डॉ.' आणि पुढे माझं नाव. माझा क्लास सुटून दोन महिने झाले तरी डबा येत होता आणि मी घेत होते. सगळे गेल्यावर जायचं, झाकण ओढणीखाली धरायचं आणि खोली गाठायची. एका सकाळी गरम डबा हातात घेतला आणि वाटलं, खोटं बोलून हा डबा आता उघडायचा नाही. समोर नांदेडची गाडी उभी होती. मी चढले. का, ते आजही सांगता येत नाही.

नांदेडला माणसं चालली होती त्यांच्यामागे चालत मी गुरुद्वाऱ्यात पोचले. डोकं झाकून लंगरच्या दाराशी उभी होते, तेवढ्यात पोळ्या लाटणाऱ्या बायकांतल्या एका मावशींनी हात करून बोलावलं. जवळच्या खेड्यातून त्या सेवेला आल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी डब्याचं झाकण वाचलं.

"डाक्टर हायस व्हय गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "नापास झाले. तीनदा."

हे मी कुणापुढेच बोलले नव्हते. आता त्या हळहळतील, नाहीतर चौथ्यांदा परीक्षेला बस म्हणतील, असं वाटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि लाटणं माझ्याकडे सरकवलं. "मग लाट की. पंगत बसून राहिली."

आता आली का पंचाईत! तीन वर्षांत आईनं मला चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं. पहिल्या पोळीचा नकाशा झाला. मी ती मोडायला निघाले, तर मावशींनी उचलून तव्याकडे धाडली. "कोणती कुणाची, कोण इचारतंय? कच्ची ऱ्हाऊ नये, झालं." माझ्या वेड्यावाकड्या पोळ्या सगळ्यांच्या ढिगात गेल्या आणि माणसांनी पोटभर खाल्ल्या. मी रडत होते आणि लाटत होते.

हात धुऊन आईला फोन लावला. "आई, शेवटची फेरी कधीच झाली. माझा नंबर लागला न्हाई. उद्यापासून डबा नको पाठवूस."

ती म्हणाली, "मग जेवशील काय?"

त्या मावशी मला पुन्हा दिसल्या नाहीत. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. यंदा नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय. पुढे काय व्हायचंय ते अजून उमगलेलं नाही आणि त्याची हुरहूर आहेच. पण आता मी देवाला यादी देत नाही. त्यानं पुढे सरकवलेलं काम करते आणि हात जोडते. त्या दिवशी मला तिथवर कुणी नेलं, हे मला ठाऊक आहे.

आईला फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लातूरच्या स्टँडवर होते, आणि घरी राहिलेला दुसरा डबा आलाच. 'डॉ.' खरवडून काढलेला होता आणि उरलेलं नाव बाबांनी नव्या रंगानं गिरवलं होतं. रंग अजून ओला असावा, कंडक्टरच्या बोटाला लाल लागलं होतं. सगळ्या पोरांसमोर त्यानं ते नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कोण हाय ही?"

"मी हाय," म्हणाले, आणि पुढे होऊन डबा घेतला.