घोडीचा खुराक आणि माझा पायगुण

सगळ्यात आधी चाची. ती नसती तर मी आज या घरात नसते, हे पहिल्यांदा सांगून टाकते. कारण सांगायला बसले की मी घोडीतच गुंतून जाते आणि माणूस राहून जातं.

चाची म्हणजे आमच्या गल्लीतल्या नालबंदाची बायको. नवरा खुराला नाल ठोकायचा तेव्हा ही जनावराच्या तोंडाशी उभी राहून त्याच्याशी बोलत असायची. कसलंही तापट घोडं तिच्यापुढं कान टाकून गप उभं राहायचं. माणसांचंही तसंच. सगळं गाव तिला चाचीच म्हणायचं.

मी बीडकडची. आईबाप ऊसतोडीला कागलच्या बाजूला यायचे, त्यांच्या मागं मीही, म्हणून सातवी अर्धी राहिली ती कायमची. फडाकडेच्या पाचटाच्या खोपटात, कोपीवरच असताना हे स्थळ आलं. मुलगा चांगला, दोन एकर रान, पण घोडागाडीच्या शर्यतीचा नाद. त्यापायी जवळपासचं कोणी पोरगी देत नव्हतं, हे मला लग्नानंतर कळलं. गावात तेव्हा नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, पण माझ्या माहेरी फोन उचलायलाच कोणी नव्हतं.

आमच्या अंगणात घोडी आणि बैल शेजारी शेजारी बांधलेले असायचे. यात्रेत त्यांची जोडी एकाच गाडीला जुंपायची, एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला बैल. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. घोडीच्या मागनं जायचंही मला कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात चाचीनं हाताला धरून मागं ओढलं.

"मरायचं हाय का? मागनं जायचं न्हाय. आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. नवऱ्याशी बी तसंच."

मी हसले नाही. तेव्हा मला हसायचीसुद्धा भीती वाटायची. मी माहेरच्या सवयीनं 'का'ला 'काहून' म्हटलं की धाकटा दीर चिडवत दिवसभर तेच म्हणत फिरायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत आमची गाडी हरली. बैलानं ऐन मोक्याला बाजूला ओढलं. दुसऱ्या गावात बैलाच्या गळ्याखालून जुवाला बांधायचा सापतीचा पट्टाच तुटला. त्याआधी म्हणे ही जोडी कधी मागं आली नव्हती. सासूबाई मला तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणायच्या, "ही आली आन् घोडीचं पाऊल मंदावलं." पायगुण हा शब्द घरात भाकरीसारखा रोजचा झाला. आमच्या गावची यात्रा जवळ आली होती. एकदा जेवताना सासरे म्हणाले, "ही यात्रा बघू. न्हाईतर लावून देऊ बापाकडं, म्हायनाभर."

म्हायनाभर म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्या कोपीशेजारच्या एका पोरीलाही म्हायनाभरच पाठवलं होतं. ती पुढच्या हंगामात परत कोयता घेऊन फडात दिसली. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. तो वाईट नव्हता. बापापुढं त्याचा आवाज फुटत नसे, एवढंच.

घोडीला सकाळी भिजवलेला हरभरा घालायचं काम माझं. सासूबाईंनी दाखवलेलं मापटं, काठोकाठ नाही, बोटभर कमी. घालताना मी माप दोनदा बघायची, कमी पडला तर घोडी पळायची नाही, जास्त झाला तर आणखी काही. तिच्या जिभेचा खरखरीत ओला स्पर्श तळव्याला लागला की मात्र बरं वाटायचं. त्या घरात माझ्या हातून आनंदानं खाणारं तेच एक तोंड होतं.

यात्रा तोंडावर आली आणि एका सकाळी घोडी दाव्यापासून हलेना. पुढचे पाय लांब टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, अंगाला घाम. नवऱ्यानं खुराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. कागलहून जनावरांचा डॉक्टर आला. तपासून म्हणाला, "खाण्यानं झालंय हे. खुरात उतरलंय. काय घालत होता?"

"नेहमीचंच की," सासरे म्हणाले.

"नेहमीच्यानं असं होत नाही."

मग सासूबाई म्हणाल्या, "हरभरा हीच घालती."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. मापटं दाखवावं असं वाटलं, पण पाय उचलेना, घोडीसारखाच. सासरे नवऱ्याला म्हणाले, "हिची पिशवी भर. सांजच्या गाडीनं जाऊ दे."

दारात गल्ली जमली होतीच. त्यातनं चाची आत आली आणि हौदाच्या कडेला ठाण मांडून बसली.

"डाक्टर, जाऊ नका. मला जरा इचारायचं हाय." मग दिराकडं वळून, "काय रं, आमच्या उकिरड्यावर रोज अंड्याची टरफलं कोण टाकतंय? आमच्या कोंबड्या एवढी घालत्यात व्हय?"

दीर लाजला. "दुधात फेटून घालत हुतो. यात्रेपुरतं, चाची."

"अंडी?" सासरे ओरडले. "मला न इचारता?"

"आण्णा, तुमी वरडू नका. पहाटं कणकेचं गोळं घेऊन कोण येतंय घोडीकडं? मी नमाजाला उठते, मला दिसतंय."

सासरे पागोटं नीट करायला लागले. "ताकद यावी म्हणून... थोडं."

सासूबाई पदर चाचपत म्हणाल्या, "मी गुळाचा खडाच दिलाय फक्त. एवढासा." आणि हातानं जो आकार दाखवला तो नारळाएवढा होता. शेवटी नवराही बोलला. रानातनं येताना तो रोज सदऱ्याच्या ओट्यातनं मका आणायचा.

प्रत्येकाला वाटत होतं, घोडीची काळजी आपल्यालाच. एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर जिंकल्याचं श्रेय वाटून घ्यावं लागलं असतं.

डॉक्टर बॅग बंद करत म्हणाला, "आता घोडीनं काय खाल्लं नाही तेवढं सांगा, म्हणजे लवकर होईल." गल्ली हसली. घरातलं कोणी हसलं नाही.

चाची उठली. "आण्णा, पोरीला लावून द्यायची तर द्या. पण काय म्हणून, ते गल्लीम्होरं सांगा. मग मी गप बसते."

सासरे उठून रानाकडं गेले. पिशवी भरली गेली नाही. पण माझ्या बाजूनं कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी मी फक्त राहिले.

खुराक बंद झाला. सुकं गवत आणि ओढ्याच्या गार पाण्यात उभं करणं, एवढंच. मी कासोटा खोचून घोडीबरोबर पाण्यात उभी राहायची. काठावरून चाची बोलत असायची, घोडीशी की माझ्याशी, कळायचं नाही. घोडी वाचली. चालायला लागली. पळाली मात्र नाही कधी. यात्रेत आमची गाडी नव्हती, आणि नवरा कितीतरी दिवस बैलाकडंच तोंड करून बसायचा.

याची किंमत चाचीनं दिली. सासऱ्यांनी नालबंदी तिच्या घरातनं काढून कागलला नेली, आणि त्यांच्या बैठकीतल्या बाकीच्या घोडेवाल्यांनीही. तसंही काम कमी होत होतं. शहरातले टांगे बंद पडले, गावात ट्रॅक्टर आले. नालबंद आजारी पडला, गेला. पोरं जयसिंगपूरला गेली, एक टेम्पो चालवतो, एक गॅरेजात. मी कधी विचारलं की चाची म्हणायची, "तुज्यामुळं न्हाय गं. घोडीच कमी झाली." मला ते पटलेलं नाही.

मधे जयसिंगपूरला जाऊन तिला भेटून आले. गुडघे वाकत नाहीत, एका डोळ्याला दिसत नाही. एक महिना या पोराकडं, एक त्या पोराकडं. माझ्यासमोरच मोठी सून नवऱ्याला म्हणाली, "आमची पाळी संपली की." चाची माझ्याकडं बघून हसली आणि मला चहा घे म्हणाली. मी चहा घेतला.

आमच्या घरात आता माझ्या शब्दाला थोडी जागा आहे. थोडीच. सासरे गेले, सासूबाई अजून आहेत. चाचीला इकडं आणू का, हे त्यांना मी विचारलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. नाही म्हणाले तर काय, ही भीती आहेच. पण विचारणार आहे. चाचे, एक दिवस मी जयसिंगपूरला येईन, तुझ्या पोरांसमोर तुझी पिशवी मीच भरेन आणि तुला आमच्या घरी आणेन. तिथं कोणाची पाळी नसेल.