डॉक्टरांचं पंक्चर

सायकलच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठत जातात. फाटक्या ट्यूबा आणि किस्से. ट्यूबा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून मी ते वाटून टाकतो, फुकट. नाहीतर माझ्या दुकानात फुकट फक्त हवा आहे, तीही स्वतःच्या हातानं भरली तर!

चंद्रपुरात गेटाजवळ वडिलांच्या वेळचं दुकान. शाळेत मी आठवीपर्यंत टिकलो, माझे टायर त्याहून जास्त टिकतात. आधी काळ्या दांडीच्या सायकली विकायचो. मग शहरातल्या मोठ्या माणसांना आपापली पोटं दिसायला लागली आणि बारीक टायरच्या रोड बाइक आल्या. आठ जणांचा ग्रुप झाला. दर रविवारी तो माझ्या दुकानापासून सायकलवर निघतो आणि बरेचदा माझ्याच टेम्पोत बसून परत येतो.

ग्रुपचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर गौरकार. त्यांना एकच ध्यास. चंद्रपूरहून निघायचं, गडचिरोलीच्या पुढे जाऊन परत यायचं, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत. जमलं तर पदक. पहिल्या वर्षी पंक्चर झालं, जवळ ट्यूब नव्हती. दुसऱ्या वर्षी ट्यूब होती, पण पंप भलत्याच वॉल्व्हचा! वहिनींनी माझ्यासमोरच निकाल लावला, "रशीदभाऊ, यंदा पदक नाई आलं तर सायकल माळ्यावर. अन् हे जिममध्ये!"

डॉक्टर काकुळतीला आले. "भाई, असं काही तरी द्या, की पंक्चर होणारच नाही."

"डॉक्टर, तुम्ही देता का असं काही, की दात किडणारच नाही?"

"मी रोज ब्रश करा म्हणतो."

"मंग मीबी तेच म्हणतो. रोज टायर पाहा."

एवढा स्वस्त उपाय मोठ्या माणसाला पटत नाही.

* * *

टायरवर लिहिलेलं असतं, हवा जास्तीत जास्त एकशेवीस पौंड. डॉक्टरांनी त्याचा अर्थ 'एवढी पाहिजेच' असा लावला. माझं म्हणणं, आपलं वजन पाहून भरा. त्यांचं म्हणणं, टायर जितका टणक तितका काटा बाहेर!

मे महिना, चंद्रपूरचं ऊन, सायकल दवाखान्यासमोर उभी. आत खुर्चीवर पेशंट, त्याच्या तोंडात डॉक्टरांचं बोट. बाहेर धडाम! पेशंटनं दचकून जबडा मिटला.

त्या दिवशी ट्यूब मी बदलली. डॉक्टरांच्या बोटाला पट्टी कंपाउंडरनं बांधली.

* * *

ग्रुपमधल्या कोंडावार भाऊंचं उलटं. भाऊ रस्त्यांचे ठेकेदार, वजन एकशेदोन किलो. धक्के सोसत नाहीत म्हणून हवा कमीच ठेवतात. मोहर्लीकडे जाताना चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमनं ट्यूब चावली. शेजारी शेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी.

भाऊ भडकले. "कोण्या गाढवानं बनवला बे हा रोड?"

सगळे आपापल्या हॅन्डलकडे पाहू लागले. डॉक्टर हळूच म्हणाले, "भाऊ, बोर्डावर नाव असेल ना."

"कुठी आहे बोर्ड?"

मी टेम्पो घेऊन पोचलोच होतो. म्हटलं, "भाऊ, तोबी तुमचाच होता. पहिल्या पावसात पडला!"

* * *

माजरीकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. त्यांचे टायर फुटले, की आतल्या बारीक तारा रस्त्यावर पडून राहतात, केसाएवढ्या. एका रविवारी ग्रुप तिकडे गेला आणि सात सायकली पंक्चर!

आठवा कसा वाचला म्हणता? तो सकाळी उठलाच नव्हता.

* * *

या सगळ्यांच्या तोंडात मारेल असा माणूस म्हणजे सोमाजी. गडचिरोलीकडे जाणाऱ्या मूल रोडवरच्या एका गावातून काळ्या सायकलवर बांबूची सुपं-टोपल्या लादून चंद्रपुरात विकायला येतो. टायरची नक्षी कधीच पुसली गेली, पण पंक्चर वर्षातून एखादं.

डॉक्टरांनी एकदा त्याला माझ्या दुकानात गाठलं. "बाबा, तुमच्या सायकलले टायर कोणता?"

"जुना."

"मग पंक्चर काऊन होत नाही?"

"काटा आत घुसायले दोन-तीन फेरे घेते, साहेब. सराट्यातून निघालो, की मी चाकाले चप्पल लावतो. पहिल्याच फेऱ्यात झटकून देतो त्याले."

डॉक्टरांना हे एकदम पटलं! पुढच्या रविवारी ते चालत्या चाकाला बूट लावायला गेले. आता रोड बाइकचा बूट पेडलमध्ये अडकवलेला असतो, हे चपलेवाल्या सोमाजीला कसं माहीत असणार? डॉक्टर सायकलसकट सराट्यात.

अर्धा तास मी काटे काढत बसलो. टायरमध्ये एकही नव्हता.

* * *

याच सोमाजीची दाढ दुखायला लागली. महिनाभर लवंग दाबून काढला, मग मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्याच्यावर असे ओरडले, की बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट बरे होऊन घरी गेले.

"वरून लवंगा कोंबून काय होणार? दुखणं आत आहे! आत पाहिल्याशिवाय, मूळ काढल्याशिवाय थांबतं का कुठं?"

दाढ काढली. कापूस कोंबला. डॉक्टर म्हणाले, "आता एक तास थुंकायचं नाही."

सोमाजीच्या खिशात ताजा घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो कळवळून म्हणाला, "साहेब, पाहिजे तर दुसरीबी दाढ काढा. पण हे नका सांगू!"

* * *

यंदाची तिसरी वारी म्हणजे डॉक्टरांची शेवटची. नवे टायर, आत काटे अडवणारी पट्टी, दोन ट्यूबा, बरोबर वॉल्व्हचा पंप, सगळं मी स्वतः बांधून दिलं. संध्याकाळी माझ्या दुकानासमोर ग्रुप हार घेऊन उभा. वहिनींची नजर घड्याळावर. अर्धा तास उरला, मग वीस मिनिटं. कोंडावार भाऊ हार परत पिशवीत ठेवायला लागले.

अकरा मिनिटं उरली असताना डॉक्टर आले! हात कोपरापर्यंत काळे, पण आले. पदक गळ्यात पडलं आणि डॉक्टरांनी छोटं भाषणच केलं. "वीस किलोमीटर उरले असताना टेक्निकल प्रॉब्लेम आला. पण अनुभव कामी येतो. सॉल्व्ह केला." टाळ्या. वहिनीसुद्धा हसल्या. सायकलचा माळा टळला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजी टोपल्या घेऊन दुकानात. "रशीदभाई, डॉक्टर साहेब पोचले काय वेळेवर?"

"पोचले. तुले कसं माहीत?"

"काल घरी जाऊन राह्यलो होतो, तर साहेब रोडच्या कडेले बसून. सायकल उलटी. एकामागे एक दोन नव्या ट्यूबा टाकल्या होत्या, अर्ध्या किलोमीटरात दोन्ही बसल्या. तुले शिव्या देऊन राह्यले होते, रशीदनं सडका माल देला म्हणून."

"मंग?"

"मी म्हटलं, सरका. टायर आतून पाहिला काय? तर म्हणे, ट्यूब नवी आहे ना! मी बांबूची कमची घालून टायर उचकटला, आतून बोट फिरवलं. बाभळीचा काटा, पट्टी फोडून तिथीच बसला होता मजेत. तो उपटला, ट्यूबले पॅच मारला, हवा भरून देली."

"मंग डॉक्टरांनी काय केलं?"

"लाजले. पंप खिशात कोंबला अन् सायकलवर बसले."

"अन् तू?"

सोमाजीनं गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला केला.

"मी म्हटलं, साहेब, मूळ काढलं. आता एक तास थुंकू नका!"