उठलेल्या गावांचे फोटोग्राफर

माझ्या साडूंइतका फोटोला कंटाळलेला फोटोग्राफर साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात झाला नसेल. अमरावतीला राजापेठेत त्यांचा स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेलं तळं, त्यात दोन हंस. आणि त्या हंसांपुढे वीस वर्षं उभे केलेले नवरा-नवरीचे जोडे. शेवटी शेवटी साडू कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत आणि तिथेच डुलकी काढत. एका नवरदेवाने इतका वेळ श्वास रोखला की तो स्टुलावरून खाली आला. त्या धडाक्याने जागे होऊन साडू आतूनच म्हणाले, "हं, आता झकास बसले!"

एका चैत्रात नांदगाव खंडेश्वराकडची एक माळीण म्हातारी, वांगी विकून झाल्यावर, रिकामी टोपली घेऊन आत शिरली. नदी दरसाल काठ कातरत होती, म्हणून तिचं गाव उठून वर माळावर चाललं होतं.

"मले माया घराचा फोटू पाह्यजे."

"आजी, इथं माणसाईचे फोटू निघतेत. घर घेऊन येता का?"

"घर उचलता आलं असतं तं फोटू कायले मांगतला असता? तुमीच चाला."

साडूंनी कॅमेरा उचलला. तिपाई धरायला म्हणून त्यांनी मलाही बैलांच्या दमणीत घातलं. ती तिपाई पाहून गावच्या पाटलांनी आम्हाला मोजणीवाले समजून झुणका-भाकर आणि तक्रारी, दोन्ही पोटभर वाढल्या. म्हातारीचे मुलगे तुळया उतरवायला घरावर चढलेच होते. घर अख्खं काचेत मावावं म्हणून साडू मागे-मागे सरकले आणि धान्याच्या रिकाम्या पेवात पाठमोरे गडप झाले. खालून आवाज आला, "साडूभाऊ, कॅमेरा धरला न?"

धरला होता. पण त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतल्या फोटो उमटवायच्या काचा फुटल्या होत्या. माझ्या हातात दिलेली एकच उरली.

मातीने माखलेले साडू वर आले आणि मुलांवर गरजले, "घराले कोनी हात लावू नका!" मग म्हातारीला म्हणाले, "आजी, दारात उभ्या राहा."

"मी तं नव्या जागीबी हावोच. घराचाच काढा."

साडूंनी घराकडे पाहिलं. अगदी अदबीने म्हणाले, "हालू नका."

घर हाललं नाही. अमरावतीला परतून काच धुतली तेव्हा कौलांतून निघणारा धूरसुद्धा उमटला होता. साडू ती ओली काच घेऊन अर्धी राजापेठ हिंडले. "साडूभाऊ, छाती धडधडून राह्यली माई," ते मला म्हणाले.

त्यानंतर हिवरखेडपर्यंत कुठेही गाव उठतंय असं कळलं की स्टुडिओला कुलूप! लग्नाचे वऱ्हाडी दारात ताटकळत आणि साडू कुठल्यातरी पडक्या विहिरीला "जरा उजेडात या" म्हणत असत. मेव्हणी चिडायची, "भिंतभर विहिरी लावल्या, माया एक फोटू नाही!"

पुढे काही वर्षांनी आम्ही दोघे म्हातारीच्या जुन्या गावठाणावरून चाललो होतो. अर्धं नदीने नेलं होतं, उरलेल्यात कुणीतरी ज्वारी पेरली होती. मध्येच साडू थांबले, वाकले आणि पायांतले जोडे काढून त्यांनी हातात घेतले.

"काटा लागला काय?"

"नाही जी," ते हळूच म्हणाले, "इथं तिचं सैपाकघर होतं."

मीही माझे काढले.