नीरफणसाला दिलेला ताण

पांढुर्ण्याला उतरले तिथेच माझं चुकलं. सौंसरला नागपूरहून सरळ बस आहे, हे मला स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने सांगितलं. "इकडून काऊन आल्या ताई?" असंही वर विचारलं. नकाशात सगळंच जवळ दिसतं, मी तरी काय करू! जानेवारीची थंडी, आणि पोर्ट ब्लेअरहून आलेल्या माझ्या अंगात एक पातळ जॅकेट.

काम एवढंच होतं. माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या वर्षाने तीन वर्षांपूर्वी अंदमानातून नीरफणसाचं, म्हणजे उबदार, दमट हवेत वाढणाऱ्या फणसासारख्या झाडाचं, रोप माहेरी नेलं होतं. महिन्याभरापासून वडील फोनवर "मस्त आहे" म्हणत, पण फोटो पाठवत नव्हते. "तू बघून ये," ती म्हणाली.

सौंसरजवळच्या संत्रीबागेत वर्षाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, मला झुणका-भाकर खाऊ घातली, मग संत्री. मी झाडाचा विषय काढला की ते आणखी एक संत्रं सोलायला घेत. शेवटी मीच उठले.

संत्र्यांच्या ओळीत माझ्या उंचीचं झाड उभं होतं, पार काळं पडलेलं.

"पाला (गोठलेलं दव) पडला," काका खाली बघत म्हणाले. "पोरीले कसं सांगू? लपवून राहिलो."

पण मागचे दोन हिवाळे त्याने काढले होते. मग यंदाच काय झालं? पायाखालची माती भेगाळलेली दिसली.

"पाणी देत नाही का?"

"ताण देला ना! संत्र्याचं पाणी तोडलं म्हंजे बहार फुटते. हे बी यंदा मोठं झालं, म्हून यालेबी देला."

मी कपाळाला हात लावला. कोरड्या मातीत गारठा जास्त बाधतो, हे मी वाचलं होतं. पण झाड थंडीने गेलं की तहानेने, मला काही सांगता येईना. काकांनी बुंध्याची साल जमिनीलगत नखाने खरवडली. आत हिरवं होतं!

"जित्तं आहे!" ते मातीतच बसले. मग धावत जाऊन त्यांनी पाणी सोडलं. "फोटो काढ आता. पण खालचाच काढजो."

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर मी वर्षाला तो नखाएवढा हिरवा ओरखडा दाखवला आणि तावातावाने सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती फोटोकडे बघतच राहिली, डोळे भरून आले तिचे.

"परक्या झाडाले कोणी ताण देते का गं?" ती म्हणाली. "संत्र्यासारखं आपलं मानलं बाबांनी, म्हून देला."