मंगळाचे वकील

मंगळाची बाजू घेणारा माणूस सबंध सांगलीत एकच होता, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मंगळ वक्री झाला असं कुणी म्हटलं, की सख्ख्या पुतण्यावर चोरीचा आळ यावा तसे ते खवळायचे. "आवं, वक्री कसला? त्यो बिचारा आपल्या वाटेनं सरळ चाललाय. आपली पृथ्वी आतल्या वाटेनं पळत त्याला गाठती आन् म्होरं जाती, म्हणून त्यो मागं सरकल्यासारखा दिसतोय!" एवढ्यावर थांबले असते, तर माणसांनी त्यांना बघून रस्ता बदलला नसता. पण त्यांना समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय चैन पडत नसे. पंगतीत ते शेजाऱ्याच्या पानातला लाडू मंगळ म्हणून उचलायचे, आणि समजावण्याच्या भरात तो त्यांच्याच पोटात जायचा. एकदा तर दाढी अर्ध्यावर असताना त्यांनी न्हाव्यालाच पृथ्वी केलं आणि खुर्चीभोवती पळवलं. न्हाव्याला भोवळ आली, शाळेची वेळ झाली, आणि सासरे एका गालाची दाढी तशीच ठेवून वर्गात गेले. पोरं हसायला लागली तेव्हा शांतपणे म्हणाले, "खंडग्रास हाय. उद्या सुटंल."

माझं लग्न या मंगळानंच अडवलं होतं. तो साठनंतरचा काळ. माणूस अंतराळात फिरून आल्याच्या बातम्या पेपरात यायच्या, पण फलटणजवळच्या आमच्या गावात ग्रहांचा कारभार अजून जोशीबुवांकडेच होता. मुलगी मला पसंत, मी तिला पसंत. तेवढ्यात जोशीबुवा आईला म्हणाले, मंगळ वक्री आहे, तो मार्गी होईस्तोवर बोलणी नकोत. वडील लवकर गेलेले, घरात शब्द आईचा. तिनं सांगलीला निरोप धाडला. दुसरा एखादा मुलीचा बाप दुसरा जोशी घेऊन आला असता. हे मिळेल त्या एसटीनं एकटेच आले आणि चहाच्या आधी आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं.

"ही तुळस म्हंजे सूर्य. विहीणबाई, तुमी पृथ्वी. आतनं झपाझपा चालायचं. जावईबापू, तुमी मंगळ. बाहेरनं हळू. आन् विहीणबाई, चालता चालता पोराकडं आन् त्याच्या मागच्या भिंतीकडं बघायचं बरं का!"

आईनं पदर खोचला, हात जोडले आणि निघाली. मी बाहेरून रेंगाळत चाललो. आई मला मागं टाकू लागली तसे सासरे आनंदानं ओरडले, "बघा, बघा! पोरगं कोनाड्याकडनं मागं दाराकडं सरकलं का न्हाई?"

पण आईनं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. तुळशीभोवती फिरताना भिंतीकडे कोण बघतं? तिनं डोळे मिटून घेतले होते. दमल्यावर ती थांबली, तुळशीला नमस्कार केला आणि म्हणाली, "एवढ्या प्रदक्षिणा झाल्या. आता मंगळाची काय टाप हाय? काढा तारीख."

घरात साखर वाटली गेली. सासरे मात्र हातात साखर धरून, तोंड पाडून ओट्यावर बसले होते. "लगीन ठरलं वो," मला हळूच म्हणाले, "पण मंगळ तसाच ऱ्हायला की."

पुढं दर दिवाळीला ते आईला गाठून पुन्हा समजावू लागत. आई "व्हय, व्हय, कळलं" म्हणत आत जाई आणि चहा पाठवी. तिला कळलेलं नाही हे त्यांना बरोबर कळे. तो चहा ते मोठ्या कष्टानं पीत.

ते गेले. दिवसकार्य झालं, बायको माहेरी थांबली, आणि मी आईला घेऊन एसटीनं परत निघालो. आई खिडकीशी बसली होती. बाहेर एकजण सायकल मारत चालला होता. आमच्या गाडीनं त्याला गाठलं, तसा तो लांबच्या डोंगरापुढं मागं मागं सरकताना दिसू लागला.

"आरं, त्यो बघ मागं चाललाय," आई म्हणाली. मग एकदम सरळ बसली. "न्हाई रं. म्होरंच चाललाय की त्यो. आपली गाडी म्होरं निघाली, म्हणून तसा दिसतोय."

त्या क्षणी मला सासऱ्यांची फार आठवण आली.

"मंगळाचं ह्येच सांगत हुते व्हय तुझं सासरं?"

"व्हय."

"मग असं सोपं करून सांगायचं न्हाई का त्यांनी!" आई रागानं म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसू लागली.