साडेतीन रिक्षांचा कडुनिंब

सुरतेत सावली कुठे कुठे पडते हे सूर्याला एक वेळ ठाऊक नसेल, पण माझ्या मामेसासऱ्यांना ठाऊक आहे. लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत कुठलंही झाड दाखवा, मामा पानाफुलांबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. मान वर करून, एक डोळा मिटून थेट निकालच देतील, "दोन रिक्षा." म्हणजे भर दुपारी त्या झाडाखाली दोन रिक्षा उन्हाबाहेर उभ्या राहतात. कोपऱ्यावरचा बदाम एका रिक्षाचा, शाळेजवळचा गुलमोहर दोन रिक्षांचा, आणि रिक्षा स्टँडवरचा त्यांचा लाडका कडुनिंब साडेतीन रिक्षांचा. ही अर्धी रिक्षा कुठून आणली, असं मी एकदा विचारून बसलो. मामांनी माझा दंड धरला, ऐन बारा वाजता स्टँडवर नेलं आणि शेवटच्या रिक्षात मागच्या सीटवर बसवलं. ड्रायव्हर उन्हात, मी सावलीत. पुढे मी वाद घातला नाही.

मामा मूळचे धुळ्याकडचे, जिभेवर अजून अहिराणी. उभी हयात पॉवरलूमवर साड्या विणण्यात गेली. मागांच्या खडखडाटात हळू बोलण्याची सवयच मोडली, त्यामुळे ते झाडांशीही ओरडून बोलतात आणि झाडं नवी असली तर दचकत असावीत असा मला संशय आहे. काम सुटल्यावर त्यांनी झाडांचाच कारखाना काढला. एका कारागिराकडे आठ माग असायचे, म्हणून एका माणसाकडे आठ झाडं. दिवसपाळी, रातपाळी, आणि गावाला जायचं तर बदली माणूस देऊन जायचं. इतर जावयांना पहिल्या दिवाळसणाला अंगठी मिळते. मला पाण्याचा कॅन आणि आठ झाडं मिळाली. मी बँकेतला माणूस, कंबर नाजूक, पण ऐकतो कोण! एकदा बदली न देता मी नाशिकला लग्नाला गेलो, तर अक्षता पडत असताना मामांचा फोन आला आणि 'करंज सुकला' ही बातमी अख्ख्या मांडवाने ऐकली. पण गंमत अशी, की माणसं त्यांचं ऐकत. चहावाला ग्लास विसळलेलं पाणी झाडालाच घाली, रिक्षावाले कॅन वाहून आणत, आणि स्टँडवरच्या भाजीवाल्या मावशी एका हाताने मेथी निवडत दुसऱ्या हाताने बकऱ्या हाकलत.

मामांचा खरा अभिमान मात्र पट्टीचा. रोप काठीला बांधायला ते साडीची पट्टी वापरत, आणि ती त्यांच्याच कारखान्यातल्या पॉलिस्टर साडीची हवी. गावाकडे त्यांची आई रोपं जुन्या सुती लुगड्याच्या चिंधीने बांधायची, ती दोन पावसाळ्यांत कुजून गळून पडायची. मामांना त्या सुताची कीव येई. "मना मागवरनं कापड कुजत नही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन. कडुनिंबाची पट्टी तर खास होती. मामांनी स्वतः विणलेली मोरपंखी साडी मामी नेसत. झाड लावलं त्या दिवशी बांधायला काही सापडेना, तेव्हा मामींनी त्याच साडीची पट्टी टर्रकन फाडली आणि आपल्या हाताने गच्च गाठ मारली. पुढे मामी गेल्या. कडुनिंब वाढत राहिला.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या कडुनिंबाचा शेंडा पिवळा पडला. बघता बघता साडेतीनाच्या दोन रिक्षा झाल्या. मामांचं जेवण तुटलं. त्यांनी मुळाशी ताक ओतलं, गुळाचं पाणी ओतलं, दृष्ट काढली, रिक्षावाल्यांना धूर दुसरीकडे सोडा म्हणून दम भरला. अंगणात बसून दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापणाऱ्या, मामांच्या घरासमोरच्या वहिनी एकदा तिथे रिक्षाला थांबल्या होत्या. बारीक धागा हुडकण्यात त्यांची नजर तयार झालेली. त्यांनी खोडावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "मामा, याले रोग नही. तुमनी पट्टी आत रुतनी."

खोड जाड होत गेलं होतं आणि न कुजणारी पट्टी तसूभरही सैल झाली नव्हती. साल तिच्यावर चढली होती, खोडाला कंबर पडली होती. मामा तासभर खोडाशी बसून रुतलेल्या पट्टीवरून नख फिरवत राहिले. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मग एकदम उठले आणि गल्ली दणाणून सोडली! आजवर बांधलेलं प्रत्येक झाड सोडवायचं, आजच, दोन्ही पाळ्या हजर! वहिनींनी धागे कापणाऱ्या बायका गोळा केल्या, प्रत्येकीच्या हातात आपली छोटी कात्री. पाच रिक्षा भरून आम्ही निघालो. काय तो रविवार! मामा पुढच्या रिक्षातून निम्मे बाहेर लोंबकळत ओरडताहेत, "डावीकडे बदाम! पुढे करंज!" बायका उड्या मारून उतरताहेत, कचाकच गाठी तुटताहेत, रस्त्यावरचे लोक काय झालं म्हणून धावताहेत आणि कळल्यावर घरून कात्र्या आणताहेत. माझी नाजूक कंबर कुठे गेली मलाच कळलं नाही. डिंडोलीचं शेवटचं झाड सुटलं तेव्हा सगळे घामाने निथळत हसत होतो.

आणि मग लक्षात आलं, या सगळ्या फेरीत स्टँडवरचा कडुनिंब मामांनी कुणाला दाखवलाच नव्हता.

परत आलो. मामा खोडाला पाठ लावून उभे राहिले, कुणालाही पुढे येऊ देईनात. गाठ मामींच्या हातची होती, ती कापायची कशी, एवढाच प्रश्न होता, आणि तो आम्हा सगळ्यांना कळत होता. शेवटी वहिनींनीच वाट काढली. त्यांनी गाठीला हात लावला नाही. खोडाच्या दुसऱ्या अंगाला, सालीत कात्रीचं टोक घालून पट्टी कापली आणि इंच इंच सोडवत ओढून काढली. गाठ जशीच्या तशी मामांच्या तळहातावर ठेवली. मामांनी अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली.

"रंग देखा, जवाईबापू," ते म्हणाले, "आजून पक्का शे." त्यांचं एवढं हळू बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

कडुनिंबाला पुन्हा पालवी आली आहे. सध्या अडीच रिक्षा. मामा पावणेतीन म्हणतात, मी मान डोलावतो. हल्ली ते घरोघर जुनं सुती कापड मागत फिरतात आणि माझे दोन धडके लेंगे त्यात गेले आहेत. परवा आम्ही स्टँडपलीकडे नवं रोप लावलं. माझ्याच लेंग्याची पट्टी मी काठीला बांधत होतो. मामांनी खाली वाकून पट्टी आणि रोप यांच्यामध्ये आपलं बोट घातलं आणि तसंच धरून ठेवलं. दुसरा हात सदऱ्याच्या खिशावर होता, त्यात ती गाठ असते.

"ढिली बांधा, जवाईबापू," ते म्हणाले. "वाढू द्या त्याले."